येळवशीच्या आत घरी

नांदेडहून लातूरकडं निघालात, लोहा मागं पडलं, माळेगाव जवळ आलं की गाडी कडेला घ्या. इंजिन बंद करा, काच खाली करा. थंड वाऱ्याला ज्वारीच्या ताटांचा वास आहे. डोळे मिटा आणि उघडा.

डिसेंबर 1965. मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी, दुपार. तुमच्या हातात स्टिअरिंग नाही, कासरा आहे. पुढ्यात दोन लाल पाठी हलतायत. उजवीकडं गुलब्या, डावीकडं हिरा. दोन्ही लालकंधारी. कंधारच्या सोमदेवराय राजानं हा वाण जपला असं इकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तुमचं गाव अहमदपूरच्या बाजूचं. नऊ वर्षांपूर्वी तालुका बिदर जिल्ह्यातून उस्मानाबादेत आलाय. लातूरही त्याच जिल्ह्यात आहे, त्याचा स्वतंत्र जिल्हा व्हायला 1982 उजाडायचं आहे.

गाडीत कडबा, सरकीच्या पेंडीचं पोतं, घोंगडी, पाण्याची घागर, भाकरीचं गाठोडं. आणि तात्या, तुमचे थोरले चुलते. बेत त्यांचाच. आज वाटेवरच्या गावात बैलांचा पट खेळायचा, रात्रभर गाडी हाकून माळेगावच्या खंडोबाला पोचायचं, चतुर्दशीचा दिवस यात्रेत काढायचा आणि अमावस्येला उजाडायच्या आत घर गाठायचं. अमावस्येला येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, रानातल्या पूजेचा सण. त्या दिवशी बैलगाडी दारात नसली तर घरातली माणसं रानात जाणार कशी?

माणसानं वाहन केलं की ते किती पळतं हे त्याला बघायचंच असतं, आणि पळवून झाल्यावर त्याच वाहनानं घरीही यायचं असतं. अमेरिकेत 2005 पासून ‘हॉट रॉड’ मासिकाची ‘ड्रॅग वीक’ भरते. तिथं रस्त्यावर चालणारी गाडी पाव मैलाच्या सरळ पट्टीवर, म्हणजे 402 मीटर, जीव खाऊन पळवायची आणि तीच हाकत पुढच्या गावच्या पट्टीवर जायचं. आठवड्यात हजार मैलांहून जास्त वाट होते. ट्रेलरवर लादून न्यायची सोय नाही, मागून मदतीची गाडी चालत नाही. हत्यारं, टायर, कपडे, सगळं स्वतःच ओढायचं. नुसतं जोरात पळणाऱ्याला तिथं मान नाही, पळूनही जी गाडी चालती राहते तिला मान. तात्यांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग यात नवीन काय?

गावाबाहेरच्या माळावर गर्दी जमलीय. वेचून गोटे काढलेली, नांगराच्या फाळानं रेघ मारलेली सरळ पट्टी. किनवट, माहूर, हदगाव ह्या विदर्भाला लागून असलेल्या भागात असल्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. तुम्ही बैल सोडता, त्यांना घटकाभर फिरवता, खुराच्या पत्र्या बघता. गुलब्याच्या मागच्या डाव्या पत्रीचा एक खिळा वर आलाय. तात्या दगडानं ठोकून तो बसवतात आणि मग खुरावरून तळवा फिरवत राहतात, ताप लागतोय का बघायला. मग दोघांना हलक्या छकड्याला जुंपता. ह्याला साटा नाही, बाजू नाहीत. दांडीवर पाय रोवून उभं राहायचं, बस्स.

शेजारच्या रेघेवर पांढरीशुभ्र जोडी आहे, खिल्लार. वर्षभर मानेवर औताचं जू न ठेवलेली, इथवरही गाडीला न जुंपता हाती धरून चालवत आणलेली. तुमच्या जोडीनं काल दिवसभर मोट ओढलीय.

“कासरा ढिला धर,” तात्या म्हणतात. “गुलब्या घाई करायलाय. हिरा हलल्याबिगर त्याला सोडू नको.”

सगळं गुपित ह्यातच आहे. एक बैल आधी सुटला की जू तिरकं होतं, छकडा आडवा ओढला जातो आणि दुसरा बैल पळायच्या ऐवजी स्वतःचा तोल सांभाळत बसतो. दोघांच्या खांद्यावर ओढ एकाच क्षणी आली पाहिजे. तुम्ही उजवा कासरा बोटभर आवळता. गुलब्याचे कान मागं फिरतात. हिरा मान खाली घालतो.

झेंडी पडते.

पहिल्यांदा काही ऐकू येत नाही. मग खुरांचा आवाज पायातून छातीत चढतो. माती तोंडावर येते. दोन्ही शेपट्या आडव्या झाल्यात, दोन्ही वशिंडं एका लयीत खालीवर. मध्यापर्यंत पांढरी जोडी गाडीभर पुढं आहे. मग हिरा ओढ घेतो. हे तुम्ही केलेलं नाही, त्यानं स्वतः केलंय, आणि ते तुमच्या हाताला कासऱ्यातून कळतं. अंतर कमी होतं, आणखी कमी होतं, आणि रेघ संपते. अर्ध्या बैलाच्या अंतरानं तुम्ही हरलात.

तात्या धावत येतात, तुमच्याकडं बघतही नाहीत. गुलब्याच्या नाकपुड्यांना हात लावतात, हिराच्या पोटावर कान ठेवतात. “चालतंय,” म्हणतात. “घरी जाण्याइतका दम आहे.”

पांढऱ्या जोडीतल्या एकाच्या मांडीवर रक्ताचा एक थेंब तुम्हाला दिसतो. पराणीचा. तुमची पराणी तात्यांनी सकाळीच काढून घेतली होती.

काळात फिरायला निघालाच आहात तर त्या थेंबाचा माग काढत थोडं पुढं जाऊन या. 7 मे 2014, सर्वोच्च न्यायालय जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही थांबवतं. 2017 मध्ये महाराष्ट्र कायद्यात दुरुस्ती करतो, पण मुंबई उच्च न्यायालय परवानगीला अडसर घालतं. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालय सशर्त मोकळीक देतं आणि 18 मे 2023 ला घटनापीठ राज्याचा कायदा कायम ठेवतं. आता धावपट्टी 1000 मीटरच्या आत, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, टोचणं नाही, मारणं नाही. मला हे नियम मनापासून हवे होते. त्या सात वर्षांत कित्येकांनी जोड्या विकल्या ह्याचंही मला वाईट वाटतं, आणि ही दोन्ही मतं मी एकदमच बाळगतो. तात्यांसारख्या माणसाला पराणी कायद्यानं काढून घ्यावी लागत नव्हती. पण सगळे तात्या नव्हते.

परत या, दिवस मावळतोय. मावळतीला शुक्र ठळक आहे. बैल पुन्हा मोठ्या गाडीला जुंपले, आखाला वंगण दिलं, कंदील गाडीखाली टांगला. माळेगाव सात कोस, आणि बैल तासाला कोसभर. शुक्र बुडाला की वद्य त्रयोदशीचा मिट्ट काळोख. कंदिलाच्या उजेडात आऱ्यांच्या सावल्या धुळीवर फिरतात. तुम्हाला डुलकी लागते, बैलांना वाट माहीत आहे. मृगातलं तिकांडं माथ्यावर आलं की तात्या गाडी थांबवतात, कडबा टाकतात. बैल रवंथ करतात तेवढ्या वेळात तुम्ही भाकरी, ठेचा खाऊन घेता. कुणीच बोलत नाही. बोलायला लागलात तर अर्ध्या बैलाचं अंतर आठवेल.

पहाटे पुढं आवाजाचा ढग दिसतो, धुराचा आणि भंडाऱ्याचा. माळेगावची यात्रा. घोडे, गाढवं, उंट, वाघ्या-मुरळी, पोतराज. जनावरांच्या बाजारात तुम्ही आधी देवणी बघायला जाता: पांढऱ्या अंगाचा, काळ्या तोंडाचा वानेरा, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा शेवरा, पोटाखाली काळे डाग असलेला बालंक्या. खंडोबाला बेल-भंडारा वाहून परत येता तर हिरापाशी एक हेडी उकिडवा बसलाय. कालच्या पटाची बातमी तुमच्याआधी पोचलेली आहे. तो हिराचा ओठ वर करून दात बघतो. सहा दाती. मग उपरण्याखाली तात्यांचा हात हातात घेतो. बोटं दाबली जातात, सोडली जातात, पुन्हा दाबली जातात. आकडा तुम्हाला दिसत नाही, फक्त तात्यांचा चेहरा दिसतो. तो एकदा हलतो. त्या आकड्यात विहीर बांधून झाली असती, हे तात्या तुम्हाला परतीच्या वाटेवर सांगतात.

“मग दिला का नाही?”

“उद्या येळवस हाय,” तात्या म्हणतात, जणू ते पुरेसं उत्तर आहे.

मन्याड नदीच्या अलीकडं डावं चाक करकरायला लागतं. वाऱ्यानं बाभळीचं लाकूड सुकलंय, लोखंडी धाव सैल झालीय. ती निसटली तर चाकाचे पाटे उकलतील आणि रस्त्यातच सगळं संपेल. तात्या वाळक्या लाकडाच्या पाचरी धाव आणि पाट्यांच्या मधे ठोकतात, मग उतारावर गाडी पाण्यात उभी करायला लावतात. बैल सोडून काठाला बांधता. नदीचं पाणी पायाला सुईसारखं टोचतंय. चाकाच्या वरच्या भागावर तुम्ही घागरीनं पाणी ओतता, थोडं फिरवता, पुन्हा ओतता. तासाभरानं लाकूड फुगतं. तात्या दगडानं चाक वाजवून बघतात. आधी थप्प वाजत होतं, आता टण्ण वाजतं. धाव घट्ट बसली. चाकाच्या लोखंडी पट्टीला धाव, विहिरीवर मोट ओढत बैल उतरतो त्या उताराला धाव आणि कालच्या त्या रेघेवर केली तीही धाव. तिन्हींना एकच शब्द ठेवणारा माणूस बैलाच्या फार जवळ राहिलेला असणार.

घरी पोचता तेव्हा अंगणात तांबडं फुटलंय. चुलीवर भज्जीचं पातेलं, बाजरीचे उंडे, नव्या मडक्यात आंबील. पट कोण जिंकलं हे कुणी विचारत नाही. आई बैलांच्या पायावर पाणी घालते, कपाळाला कुंकू लावते आणि गुलब्याच्या मागच्या डाव्या खुरावर क्षणभर हात ठेवते.

“घटकाभर बसू द्या त्यांना,” ती म्हणते. “मग रानातल्या कोपीकडं निघायचं. पांडव पुजायचेत.”

पोरं आधीच गाडीत चढून बसलीत. तुम्ही जू उचलता. हिरा आपणहून मान पुढं करतो.