मुळांचे राखणदार

शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत (१८९४–१९२२) पन्हाळगडावर चहा आणि कॉफी लावून पाहण्यांत आली. त्या काळीं शेतकीच्या ग्रंथांत बुरशीचें नांव निघे तें बहुधा शत्रु म्हणूनच. तें साहजिकही होतें. १८६९ नंतर पानांवरील तांबेऱ्यानें सिंहलद्वीपांतील कॉफीचे मळे ओसाड केले, हें जाणते लोक विसरले नव्हते. ह्याच बुरशीवर्गांतील कांहीं जीव झाडांच्या मुळांवर पहारा करतात, ही गोष्ट पटण्यास पुष्कळ वेळ लागला.

प्रारंभ जर्मनींत झाला. ट्रफल नांवाची महागडी अळंबी जमिनीखालीं वाढते. तिची लागवड कशी करतां येईल, हें शोधण्याचें काम प्रशियाच्या सरकारनें आल्बर्ट फ्रांक ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे सोंपविलें. लागवड कांहीं साधली नाहीं. परंतु अनेक वृक्षांचीं बारीक मुळें त्याला बुरशीच्या तंतूंनीं मढविलेलीं आढळलीं, आणि झाडें मात्र धडधाकट! १८८५ सालीं त्यानें ह्या जोडीला ‘मायकोरायझा’, म्हणजे ‘बुरशी-मूळ’, असें नांव दिलें. झाड साखर पुरवितें, बुरशी स्फुरद आणि पाणी आणून देते, असा हा व्यवहार. समकालीन पंडितांपैकीं अनेकांना तो मान्य झाला नाहीं.

हिंदुस्थानांत ह्या विचाराचा धागा होळकरांच्या इंदुराशीं जोडलेला आहे. तेथें १९२४ ते १९३१ पर्यंत काम करीत असतां सर आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनीं कंपोस्टची इंदुरी पद्धत बसविली. पुढें चहाच्या मळ्यांतील मुळें त्यांनीं डॉक्टर रेनर ह्या इंग्रज विदुषींकडून तपासून घेतलीं, तेव्हां त्यांतही बुरशीची वस्ती दिसली. झाडाची रोगाशीं झुंजण्याची शक्ति ह्या भागीदारींतच आहे, असें हॉवर्ड १९४० सालच्या ग्रंथांत ठासून सांगतात. त्यांचा उत्साह पुराव्याच्या पुढें धांवत होता, हें कबूल केलें पाहिजे.

पुरावा अमेरिकेंतून आला. १९६९ च्या सुमारास डोनाल्ड मार्क्स ह्यांनीं पाइनच्या रोपांवर फायटॉफ्थोरा हा मुळें कुजविणारा, बुरशीसारखा दिसणारा जीव सोडला. उघडीं मुळें त्याला बळी पडलीं. बुरशीचें आवरण असलेलीं वांचलीं. आवरण ही भिंत तर होतीच, पण एका बुरशीनें त्या जीवाला मारक असें द्रव्यही निर्माण केलें होतें.

आंबा, जांभूळ, चहा ह्यांच्या मुळांवर असें आवरण नसतें. येथें बुरशी मुळाच्या पेशींतच घर करते. रोगजंतूंची जागा आणि अन्न अडविते, झाडाची प्रतिकारशक्ति आधींच जागी करून ठेवते. सर्वच रोगांना ती पुरून उरते असें नाहीं, आणि स्फुरदाचें खत भरमसाट घातलें तर झाडच तिला फारसें पोसत नाहीं.

आजरा, भुदरगड, शाहूवाडी ह्या तालुक्यांतील देवरायांत पिढ्यान् पिढ्या नांगर फिरलेला नाहीं. अशा न उकरलेल्या मातींत हे तंतु अखंड राहतात. उघड्या, धुपलेल्या उतारावर ते विरळ होतात, आणि तेथें लावलेलें रोप एकटें पडतें. म्हणून रोपवाटिकेंत कधीं जुन्या झाडाखालची मूठभर माती मिसळतात. त्या मातीबरोबर रोगाचें बीजही येऊं शकतें. तेव्हां झाड निरोगी आहे ना, हें आधीं पाहावें लागतें.