क्रॅब नेब्युला : एका स्फोटाचं दप्तर कसं वाचायचं?

आज आपण पडद्यावर एकच चित्र ठेवणार आहोत आणि व्याख्यान संपेपर्यंत ते हलवणार नाही. हबल दुर्बिणीने टिपलेला क्रॅब नेब्युला, म्हणजे खेकडा तेजोमेघ. बाहेर नारिंगी-हिरव्या तंतूंचं जाळं, आत निळसर धूसर उजेड. नाव खेकड्याचं असलं तरी कर्क राशीशी याचा संबंध नाही. हा आहे वृषभ राशीत, बैलाच्या एका शिंगाच्या टोकापाशी.

हे चित्र लावलं की आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला : हे रंग खरे का? दुसरा : आपल्या पूर्वजांनी हा स्फोट पाहिला होता का? वरवर पाहता एक प्रश्न विज्ञानाचा आणि एक इतिहासाचा. पण दोन्हींचं मूळ एकच आहे : पुरावा म्हणजे काय? राजवाड्यांनी बखरींवर विसंबू नका, अस्सल कागद शोधा, असं सांगितलं. आपण आज तोच नियम आकाशाला लावून बघू.

आधी अस्सल कागद. ४ जुलै १०५४ या दिवशी चीनमध्ये, सोंग राजवटीच्या काळात, दरबारी ज्योतिर्विदांनी एका ‘पाहुण्या ताऱ्याची’ नोंद केली. जागा दिली आहे त्यांच्या ‘थ्येनक्वान’ ताऱ्याजवळची. आज आपण त्याला झीटा टॉरी म्हणतो. तारा शुक्रासारखा भर दिवसा दिसत होता, आणि असा तो २३ दिवस दिसला. रात्रीच्या आकाशातून तो दिसेनासा झाला एप्रिल १०५६ मध्ये. म्हणजे जवळजवळ पावणेदोन वर्षं!

आता बघा, ही नोंद कुणा हौशी माणसाने केलेली नाही. आकाशात काय नवीन घडलं ते लिहून ठेवणं हे तिथे सरकारी काम होतं, कारण त्यावरून राज्याचं शुभाशुभ सांगायचं असे. हेतू शकुनाचा होता. पण तारीख, जागा आणि मुदत लिहिली गेली, आणि आपल्याला तेवढं पुरतं. कागद कुणी कशासाठी लिहिला यापेक्षा त्यात काय नोंदलं गेलं, हे कधीकधी जास्त मोलाचं ठरतं.

पुढे जवळजवळ सातशे वर्षं सामसूम. १७३१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन बेव्हिस याला त्या जागी एक धूसर ठिपका दिसला. १७५८ मध्ये फ्रान्सचा शार्ल मेसिए धूमकेतू शोधत असताना त्याच ठिपक्याने फसला. पुन्हा फसायला नको म्हणून त्याने अशा फसव्या ठिपक्यांची यादीच केली. तिच्यातला पहिला क्रमांक याचा, एम-१. १८४४ च्या सुमारास आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी ३६ इंची दुर्बिणीतून त्याचं चित्र काढलं. ते खेकड्यासारखं दिसलं आणि नाव चिकटलं. गंमत अशी, की आज पडद्यावरच्या चित्रात खेकडा शोधूनही सापडत नाही. चित्रात आकाशाबरोबर चित्रकाराची नजरही उतरते, हे आपण लक्षात ठेवू.

१९२१ साली धागे जुळायला लागले. जॉन डंकन यांनी माउंट विल्सन वेधशाळेतले काही वर्षांच्या अंतराने घेतलेले फोटो शेजारी ठेवले आणि दिसलं की तेजोमेघ पसरतोय. त्याच वर्षी स्वीडनच्या क्नुट लुंडमार्क यांनी चिनी नोंदींतल्या पाहुण्या ताऱ्यांची यादी छापली आणि १०५४ चा तारा या तेजोमेघाजवळ होता असं नमूद केलं. १९२८ मध्ये एडविन हबल यांनी हिशेब मांडला : या वेगाने पसरत आजच्या आकाराला यायला सुमारे नऊशे वर्षं लागली असतील. मग १९४२ मध्ये, महायुद्ध चालू असताना, डच चिनीविद्या-पंडित दुइवेन्दाक यांनी जुन्या नोंदी तपासून दिल्या आणि मेयॉल व ऊर्ट या खगोलशास्त्रज्ञांनी त्यांच्या आधारे निष्कर्ष पक्का केला. भाषेचा जाणकार आणि आकाशाचा जाणकार एकाच टेबलाशी बसले, तेव्हा कुठे हे कोडं सुटलं.

पण हिशेब तंतोतंत जुळला का? नाही. आजचा वेग धरून मागे गेलो, तर स्फोटाचं साल ११३० च्या आसपास येतं. म्हणजे कागद खोटा? तसंही नाही. तेजोमेघाला आतून कुणीतरी ढकलतंय, त्यामुळे आज तो पूर्वीपेक्षा जास्त वेगाने पसरतोय. हा ढकलणारा १९६८ मध्ये सापडला : मध्यभागी असलेला स्पंदक, पल्सार. जेमतेम २० किलोमीटर रुंदीचा न्यूट्रॉन तारा, सेकंदाला सुमारे ३० वेळा स्वतःभोवती फिरणारा. कागद आणि गणित यांत तफावत आली तर घाबरायचं नाही. ती तफावतही बरंच काही सांगून जाते.

आता पहिला प्रश्न, रंगांचा. हबलने १९९९ आणि २००० मध्ये या तेजोमेघाचे तुकड्या-तुकड्याने फोटो घेतले आणि २००५ मध्ये ते जोडून हे चित्र प्रसिद्ध झालं. कॅमेरा ठरावीक गाळण्यांमधून फक्त उजेडाची तीव्रता मोजतो. मग प्रत्येक गाळणीला एकेक रंग दिला जातो. इथल्या तंतूंमध्ये निळा म्हणजे साधा ऑक्सिजन, हिरवा म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेलं गंधक, लाल म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन. आपण तिथे जाऊन उभे राहिलो तर असं दिसणार नाही. मग हे खोटं का? मोडी कागद बाळबोधीत उतरवला म्हणून तो खोटा होत नाही. फक्त लिप्यंतर कोणत्या नियमाने केलं ते सांगितलं पाहिजे, आणि इथे ते सांगितलेलं आहे.

दुसऱ्या दुर्बिणींनी याच दप्तराची दुसरी पानं उघडली. १९९९ मध्ये चंद्रा दुर्बिणीने क्ष-किरणांत पाहिलं, तर स्पंदकाभोवती तेजाचं कडं दिसलं. ही दुर्बीण सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची. सूर्याच्या सुमारे १.४ पटीपेक्षा जड गाभा श्वेतबटू म्हणून टिकू शकत नाही, हे त्यांनी विशीत असताना गणिताने दाखवलं होतं. १९३५ मध्ये एडिंग्टन यांनी भर सभेत त्याची थट्टा केली. नोबेल मिळालं ते १९८३ मध्ये. आणि २०२३ मध्ये वेब दुर्बिणीच्या अवरक्त चित्रात धुळीचे कण दिसले, आतला उजेड धुरासारखा पसरलेला दिसला. तेजोमेघ तोच, पण प्रत्येक डोळा वेगळं वाचतो.

आता दुसरा प्रश्न, आणि इथे आपण जरा सांभाळून बोलू. १०५४ मध्ये आपल्याकडे काय चाललं होतं? धारच्या भोजाच्या नावावर असलेला ‘राजमृगांक’ हा करणग्रंथ शके ९६४ चा, म्हणजे १०४२ चा. अंबरनाथच्या देवळातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा. म्हणजे ज्योतिषाचं गणित जाणणारे लोक होते, तारखा कोरणारे हात होते. मग ताऱ्याची नोंद? डॉ. जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक डॉ. सरोजा भाटे यांनी जुन्या वाङ्मयात मुद्दाम शोध घेतला आणि २००१ मध्ये तो ‘करंट सायन्स’मध्ये मांडला. निर्विवाद म्हणावी अशी नोंद हाती लागली नाही.

कुणी म्हणेल, जुलै महिना, पावसाळा, ढग! दिवसा दिसण्याचे ते २३ दिवस ढगांत गेले असतील, मान्य. पण दिवाळीच्या सुमारास आकाश स्वच्छ झालं तेव्हाही तो तारा वृषभ राशीत दिसतच होता. लोकांनी तो पाहिला असणारच, असं आम्हालाही वाटतं. पण ‘वाटतं’ हा कागद नव्हे. आपल्याकडचं शास्त्र ग्रहांची स्थिती आधी गणिताने सांगण्यात मुरलेलं होतं. गणितात न बसणारा पाहुणा टिपून ठेवायला वेगळी कचेरी नव्हती, हा आमचा तर्क. तोही तर्कच. युरोपातही निर्विवाद नोंद नाही, तेव्हा यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. कमीपणा येईल तो नसलेली नोंद रचली तर. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘आपल्या ग्रंथांत सगळं होतं’ या मजकुरापेक्षा शोधून ‘सापडलं नाही’ असं सांगणाऱ्या त्या दोघांनी आपल्या परंपरेचा जास्त मान राखला, असं आम्हाला वाटतं.

एक शेवटची गोष्ट. हा तेजोमेघ सुमारे ६,५०० प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे स्फोट झाला तो आजपासून साधारण साडेसात हजार वर्षांपूर्वी. १०५४ मध्ये त्याचा उजेड फक्त पोचला. आपल्या आकाशगंगेतला सुपरनोव्हा नुसत्या डोळ्यांनी शेवटचा दिसला १६०४ मध्ये, दुर्बीण आकाशाकडे वळण्याच्या थोडं आधी. पुढच्याचा उजेड कदाचित वाटेतच असेल.

तोवर एक करा. डिसेंबर-जानेवारीत रात्री रोहिणी शोधा, तिथून बैलाच्या दक्षिणेकडच्या शिंगाचं टोक धरा आणि लहानशी दुर्बीण लावा. करड्या रंगाचा अंधुक ठिपका दिसेल, मेसिएला दिसला तसाच. रंग दिसणार नाहीत. वहीत तारीख, वेळ आणि जे दिसलं तेवढंच लिहा.