जुने रिसीव्हर आणि ओहमचं गणित
1970च्या दशकात अमेरिकेत स्टिरिओ रिसीव्हर वॉटवर विकले जात. 1974मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने वॉट मोजण्याचे नियम घातले. 1978च्या पायोनियर एसएक्स-1980 या रिसीव्हरचा आकडा 8 ओहमला दर चॅनेलमागे 270 वॉट होता. पण अशा यंत्राला 4 ओहमचे स्पीकर जोडताना करंट आधी बघायला हवा. 20 व्होल्टला 8 ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर ओढतो, 4 ओहमचा पाच. आउटपुट ट्रान्झिस्टर तापतात ते त्यामुळेच. रिसीव्हरच्या मागे स्पीकर जोडायच्या ए आणि बी अशा दोन्ही जागी 8 ओहमच्या जोड्या समांतर लावल्या, तरी भार 4 ओहमचाच होतो. ‘वर्षानुवर्षं वाजतंय, काही बिघडलं नाही,’ असं कुणी म्हणेल. हळू आवाजात करंट कमी असतो म्हणून ते निभावतं. आवाज चढवला की तीच जोडणी यंत्राच्या जिवावर बेतू शकते. मागच्या पॅनेलवर छापलेली किमान ओहमची मर्यादा पाळली, तरच ही देखणी यंत्रं पुढच्या पिढीपर्यंत वाजत राहतील.