खुडूकपणाचा हिशेब

चांगली अंडी घालणारी कोंबडी एके दिवशी खुराड्यातून उठेनाशी होते. पिसं फुलवून, अंग पसरून ती कोपऱ्यात बसते, हात जवळ नेला की चोच मारते, दिवसाकाठी एकदाच पंधरा-वीस मिनिटं खाली उतरून दाणापाणी उरकते आणि परत जागेवर जाते. खाली अंडी असोत वा नसोत, ती बसूनच राहते. कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत याची नोंद दोष म्हणून असते, कारण खुडूक कोंबडी अंडी देणं थांबवते. हा निर्णय आज इतका अंगवळणी पडला आहे की तो कोणाच्या हिशेबातून आला, हे विचारावंसं कोणाला वाटत नाही. जेमतेम दीडशे वर्षांचा हा हिशेब आहे आणि तो परसातल्या कोंबडीसाठी कधी मांडलाच गेला नव्हता. त्याआधीच्या काळात माणसाला खुडूकपणा मोडता येत होता. तरीही त्याने तो वंशातून जाऊ दिला नाही, आणि त्यामागे भाबडेपणा नव्हता, पक्का व्यवहार होता.

याचा सर्वांत जुना सविस्तर पुरावा रोमन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला या लेखकाने शेतीवर बारा खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या आठव्या खंडात कोंबड्या कशा बसवाव्यात हे बारकाईने सांगितलं आहे. अंडी नेहमी विषम संख्येत ठेवावीत, जानेवारीत 15, मार्चमध्ये 19, एप्रिलपासून पुढे 21. म्हणजे थंडीत कोंबडीच्या अंगाखाली जेवढी मावतील आणि ऊब धरतील तेवढीच. गवताच्या बिछान्याखाली लसणाचे गड्डे आणि लोखंडी खिळे ठेवण्याची रीतही तो नोंदवतो, कारण गडगडाटाने अंडी नासतात अशी समजूत होती. आपल्या देशातही अनेक भागांतल्या खेड्यांत उबवणीच्या टोपलीत लोखंडाचा तुकडा, कोळसा नाहीतर सुकी मिरची ठेवतात, तेव्हा ही समजूत किती दूरवर पसरलेली आहे ते ध्यानात येतं. माझ्या मुद्द्यासाठी मात्र कोलुमेलाची दुसरीच सूचना मोलाची आहे. तरुण कोंबड्या उबवण्यापेक्षा अंडी घालण्याला अधिक उपयोगी, म्हणून त्यांच्या नाकपुड्यांतून बारीक पीस आरपार घालून त्यांची बसण्याची ओढ मोडावी, असं तो सांगतो. हाच उपाय भारतातल्या खेड्यांत आजही चालतो. कोणाकडून कोणी घेतला हे शोधण्यात अर्थ नाही; दोन्हीकडच्या माणसांनी एकाच पक्ष्याकडे तितक्याच लक्षपूर्वक पाहिलं होतं, एवढं पुरे. आणि दोन्हीकडे निवड होती: ही बसवायची, ती उठवायची.

आपल्याकडे हे ज्ञान लिहिलं गेलं नाही, याला कारण आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गावकोंबडा द्विजांना वर्ज्य ठरवला आहे. ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांच्या अंगणात कोंबडी नव्हती, आणि ज्यांच्या अंगणात कोंबडी होती त्या शेतकरी, दलित आणि आदिवासी घरांतल्या बायकांच्या हातात लेखणी नव्हती. म्हणून त्यांचं कसब कृतीतूनच वाचावं लागतं. खुडूक कोंबडीला गार पाण्यात बुचकळणं, पायाला दोरी बांधून उघड्यावर ठेवणं, पेंढा न घालता नुसत्या जमिनीवर डालून ठेवणं हे उपाय वरवर क्रूर नाहीतर अडाणी वाटतात. त्यांच्यामागचं शास्त्र विसाव्या शतकात उलगडलं. पिट्यूटरी ग्रंथीतून स्रवणारं प्रोलॅक्टिन टोचलं की कोंबडी खुडूक होते, हे 1935 साली अमेरिकेत ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. प्रोलॅक्टिन वाढलं की बीजांडकोश आक्रसतो आणि अंडी थांबतात. पोटाखालची पिसं झडून उघडी पडलेली, रक्तवाहिन्यांनी तांबूस झालेली कातडी अंड्यांना टेकत राहिली की तो स्राव टिकून राहतो. कोंबडीला घरट्यापासून तोडलं, पोटाखालची ऊब गेली, की तो झपाट्याने उतरतो. गार पाणी आणि उघडी जमीन नेमक्या याच जागी घाव घालतात.

आता देशी कोंबडीचा वर्षाचा हिशेब मांडून पाहू. एका खेपेला ती साधारण 15 अंडी घालते, त्यात तीन आठवडे जातात. उबवायला 21 दिवस. पुढे पिल्लं पंखाखाली घेऊन हिंडण्यात सुमारे दोन महिने. म्हणजे एक फेरा शंभर दिवसांचा, वर्षाला तीन ते चार फेरे, आणि अंडी 50 ते 60. व्हाइट लेगहॉर्न या व्यापारी जातीची तीनशेच्या आसपासची संख्या शेजारी ठेवली की देशी कोंबडी नालायक ठरते. पण तिच्या आकड्यात कोंबडीची कुवत आणि मालकिणीचा निर्णय असे दोन्ही धागे गुंतलेले आहेत. मालकिणीने एक खेप उबवायला ठेवली आणि पुढच्या खेपेला अंडी काढून घेऊन, खुडूक मोडून कोंबडीला पुन्हा अंड्यावर आणलं, तर त्याच कोंबडीची अंडी वाढतात. दाणे टिपून, किडे उकरून जगणाऱ्या पक्ष्याकडून हे मिळतं, आणि खाद्य, वीज, पिल्लांची खरेदी यांपैकी कशालाही रोख पैसा लागत नाही. लेगहॉर्नच्या तीनशे अंड्यांत हा सगळा खर्च दुसऱ्याच वहीत लिहिलेला असतो.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. लोकांनी खुडूकपणा राखला तो आवडीने नव्हे, दुसरी सोयच नव्हती म्हणून. तेव्हा त्याला निवड कसली म्हणायची? याचं उत्तर इजिप्तमध्ये सापडतं, कारण तिथे दुसरी सोय होती. तिथे अंडी शेणखतात पुरून उबवतात, असं ॲरिस्टॉटलने इसवी सनपूर्व चौथ्या शतकात लिहून ठेवलं आहे. पुढे तिथे मातीच्या विटांच्या मोठ्या भट्ट्या उभ्या राहिल्या. वाळलेलं शेण आणि काड जाळून हजारो अंडी एकदम उबवत, आणि राखणदार अंडं पापणीला लावून उष्णता जोखत. रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1749 साली या भट्ट्यांवर ग्रंथ लिहिला; बेर्मा गावातल्या लोकांकडे ही विद्या पिढीजात असल्याचं तो सांगतो. त्याच देशातली फायूमी जात आज खुडूक न बसण्याबद्दल ओळखली जाते. उलट आपली आसील, जिला कधी भट्टी भेटली नाही, ती कडक खुडूक बसते आणि पिल्लांसाठी घारीवरही धावून जाते. भट्टी हे फायूमीच्या स्वभावाचं एकमेव कारण असेल असा माझा दावा नाही. पण जिथे उबवण्याचं काम कोंबडीकडून काढून घेतलं गेलं तिथे तो गुण ओसरला आणि जिथे ते तिच्याकडे राहिलं तिथे टिकला, ही संगती सहज बाजूला सारण्यासारखी नाही.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो. 1879 साली कॅलिफोर्नियातल्या पेटलुमा गावी लायमन बाइस याने व्यापारी उबवणी यंत्र उभं केलं आणि आसपासची कुरणं पांढऱ्या लेगहॉर्नने भरून गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्सच्या कृषी संशोधन केंद्रात ऱ्होड आयलंड रेड जातीतून निवडीने खुडूकपणा काढण्याचं काम झालं. महाराष्ट्रात 1971 साली डॉ. बी. व्ही. राव यांनी पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि अंडं गावोगावच्या टपरीपर्यंत पोचलं. हे यश खरं आहे. स्वस्त प्रथिनं गरिबाच्या ताटात आली, हे नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल.

माझी तक्रार त्यापुढच्या पावलाशी आहे. कारखान्यातला निकष परसात आणला गेला. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा या जाती परसासाठी म्हणूनच तयार झाल्या. त्या काटक आहेत, वजनाने भरतात, देशीपेक्षा अंडीही जास्त देतात. पण खुडूक बसत नाहीत. त्यामुळे कळप संपला की पुन्हा पिल्लं विकत घ्यायची, नाहीतर योजनेची वाट पाहायची. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा मारल्या गेलेल्या पक्ष्यांत आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही होत्या. अशा घराला पुन्हा उभं राहायला काय लागतं? शेजारच्या गावातून आणलेली एक खुडूक आणि तिच्याखाली दहा-बारा अंडी. आंध्रातल्या पूर्व गोदावरी जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात आसील कोंबडी वाट्याने द्यायची रीत होती: एकीने कोंबडी द्यायची, दुसरीने सांभाळायची, पिल्लं निम्मी-निम्मी. जिच्याकडे काहीच नाही तिचाही कळप अशा रीतीने उभा राहतो. कोंबडी बसलीच नाही तर या व्यवहाराला पायाच उरत नाही.

खुडूक कोंबडीच्या पिल्लांत मर फार, हा दुसरा आक्षेप. खरं आहे. घार, मुंगूस, मांजर आणि मानमोडी मिळून निम्मी पिल्लं सहज जातात. बसलेल्या दिवसांत कोंबडीही वाळते. पण यातलं बरंचसं नुकसान लसीने, रात्रीच्या बंदिस्त खुराड्याने आणि पहिले काही दिवस पिल्लांना वेगळा चारा देऊन टळतं, आणि यातल्या कशासाठीही कोंबडीचा स्वभाव बदलावा लागत नाही. सुधारित जाती वाटल्या गेलेल्या गावांत बायकांनी आपला मार्ग आधीच काढला आहे. वनराजाची फळलेली अंडी त्या देशी खुडूक कोंबडीखाली ठेवतात आणि पिल्लं काढतात. म्हणून सुधारित पिल्लं वाटणाऱ्या योजनेने दर घरामागे एक-दोन देशी, चांगल्या बसणाऱ्या कोंबड्याही द्याव्यात, आणि आसीलसारख्या जातींची पैदास करताना अंड्यांच्या आकड्याबरोबर किती अंड्यांतून किती पिल्लं निघाली आणि किती वाढली, याचीही नोंद ठेवावी. आज बहुतेक तक्त्यांत त्यासाठी रकानाच नसतो.