हापूसमधील साका: फळ न कापता आतले कसे ओळखतात?

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत हापूसची पेटी बहुधा ओळखीने जाते. ग्राहक रंग बघतो, वास घेतो आणि विश्वासाने पैसे देतो. आंबा कापल्यावर आत फिकट, स्पंजासारखा, आंबट गर निघाला तर तो साका. साल निरोगी असते, त्यामुळे बागायतदारालाही तो दिसलेला नसतो. एका पेटीत अशी तीन-चार फळे निघाली, तर पुढच्या हंगामात ते घर तुमच्याकडे परत येईलच असे नाही.

प्रश्न उलटा आहे

फळात काय आहे हे माहीत असेल, तर त्यावर टकटक केल्यावर आवाज कसा येईल किंवा क्ष-किरणांत ते कसे दिसेल, हे सांगता येते. हा सरळ प्रश्न. आपल्याला मात्र आवाज किंवा सावली मिळते आणि त्यावरून आतले शोधायचे असते. गणितात याला व्यस्त समस्या म्हणतात. अडचण अशी, की आतल्या दोन वेगळ्या स्थितींतून बाहेर एकच खूण मिळू शकते. म्हणून एका मोजमापावर निकाल देऊ नये.

टकटक करून येणारा आवाज

कलिंगड टिचकी मारून घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. टिचकीने फळात कंप निर्माण होतो. गर कडक असेल तर स्वर उंच, मऊ असेल तर खालचा. पण फळ वजनाने मोठे असले तरीही स्वर खाली जातो. म्हणजे लहान मऊ फळ आणि मोठे कडक फळ सारखेच वाजू शकते. म्हणूनच फळाचा कडकपणा आवाजावरून मोजणारी यंत्रे स्वराबरोबर वजनही विचारात घेतात. दुसरी माहिती मिळाली की शंका कमी होते.

क्ष-किरण काय दाखवतात?

क्ष-किरण या प्रकाशासारख्याच, पण फळातून आरपार जाणाऱ्या लहरी आहेत. मुंबईतच, ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी हापूसमधील साका क्ष-किरणांनी ओळखण्याचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. साक्याच्या गरात हवेच्या पोकळ्या असतात. तेथे किरण कमी शोषले जातात, त्यामुळे चित्रात तो भाग गडद दिसतो.

येथेही अडचण आहेच. एका चित्रात पुढचा गर, कोय आणि मागचा गर यांची सावली एकावर एक पडते. साका बहुतेक वेळा कोयीलगत असतो, त्यामुळे लहान डाग झाकला जाऊ शकतो. फळ फिरवून दुसरे चित्र घेतले तर जास्त कळते. परळच्या मोठ्या रुग्णालयांत होणारे सीटी स्कॅन याच तत्त्वावर चालते: अनेक कोनांतून सावल्या घ्यायच्या आणि गणिताने आतला छेद उभा करायचा. त्याचे मूळ गणित योहान राडोन यांनी १९१७ मध्ये मांडले. तंत्र विकसित करणाऱ्या कॉरमॅक आणि हौन्सफिल्ड यांना १९७९ मध्ये नोबेल मिळाले.

पाण्यातली चाचणी

फळ पाण्यात बुडते की तरंगते, यावरून पक्वतेचा अंदाज येतो. पण घनता हा संपूर्ण फळाचा एकच आकडा आहे. कोयीजवळचा छोटा साका त्यात लपून जातो. बुडालेले फळ म्हणजे साकामुक्त फळ, असे समजू नका.

तुम्ही काय करावे?

बागेत यंत्र नसले तरी दुसरी माहिती तुमच्याकडे असते: फळ कोणत्या कलमाचे, कधी काढले, किती तयार होते. ती लिहून ठेवा.

- प्रत्येक तोडणीतील काही फळे पिकवून कापून पाहा. साका निघाल्यास कलम आणि तोडणीची तारीख वहीत नोंदवा. ज्या कलमांवर वारंवार साका येतो, त्यांची फळे वेगळी ठेवा.
- फळे चौदा आणे, म्हणजे सुमारे ८५ टक्के तयार झाल्यावर काढा. झाडावर जास्त तयार होऊ दिलेल्या फळांत साक्याचे प्रमाण वाढते.
- तापलेल्या जमिनीची उष्णता साका वाढवते. कलमाखाली वाळलेल्या गवताचे किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन करा.
- तोडणी सकाळी किंवा संध्याकाळी, देठासह, झेल्याने करा. काढलेली फळे उन्हात किंवा तापलेल्या जमिनीवर ठेवू नका. लगेच सावलीत हलवा.
- नवी लागवड करताना रत्ना या जातीचाही विचार करा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ती विकसित केली असून तिच्यात साका आढळत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी: साका ओळखणारे यंत्र दाखवायला कोणी आले, तर त्याने तपासलेली फळे तेथेच कापून पाहा. चांगली म्हणून दिलेल्यांत साक्याची किती निघाली आणि साक्याची म्हणून काढलेल्यांत चांगली किती होती, हे दोन्ही आकडे मोजा. पहिल्या चुकीने ग्राहक जातो, दुसरीने बागायतदाराचा चांगला माल वाया जातो.

ग्राहकाला ‘साका अजिबात निघणार नाही’ असे सांगू नका. ‘निघाला तर फळ बदलून देऊ’ असे सांगा आणि आलेली प्रत्येक तक्रार त्याच वहीत लिहा.