शाळेचे छप्पर आणि गावकुसाबाहेरचे मूल

गावातील जुनी शाळा पाडून नवी बांधणे हा आज बांधकाम विभागाचा विषय समजला जातो. अंदाजपत्रक, निविदा, ठेकेदार एवढ्यात तो संपतो. परंतु ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या शाळेच्या उंबरठ्याबाहेर ठेवले गेले, त्याला शाळेच्या इमारतीकडे इतक्या निर्विकारपणे पाहता येणार नाही.

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा घ्या. त्वरितादेवीच्या ठाण्यामुळे हे गाव ओळखले जाते. मराठवाड्यातील अशा गावांत पूर्वी चार माणसांनी एकत्र बसण्याच्या जागा कोणत्या होत्या? देऊळ, चावडी, पार आणि पाटला-देशमुखांचे वाडे. यांपैकी कोठेही महारामांगाच्या मुलाला बरोबरीने बसण्याचा अधिकार नव्हता. शाळा अशा जागेत भरली की त्या जागेचे सोवळे शाळेलाही चिकटे. म्हणूनच सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली स्वतंत्र शाळा ही, निदान कायद्याने, साऱ्या गावाची पहिली वास्तू ठरली.

हा हक्क सुखासुखी मिळालेला नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय त्याच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केले. पण एका मुलासाठी इतरांचा रोष ओढवून घेण्यास ते तयार झाले नाही. १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी खुल्या असल्याचे कळविले. कागदावर दार उघडले, तरी आत बसण्याची जागा मिळाली नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायचे गोणपाट घरून आणायचे आणि परत घरी न्यायचे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसेल तर तहानलेलेच राहावे लागे. म्हणजे इमारत सरकारची होती, पण तिच्या आतले गाव जुनेच होते.

पुढे १९१९ मध्ये राजर्षी शाहूंनी कोल्हापूर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा यांच्याबरोबर त्यात शाळांचाही उल्लेख होता. तथापि बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. शेजारचा नगर जिल्हा मुंबई इलाख्यात आणि बीड हैदराबाद संस्थानात. भाषा एक, जात एक, आणि हक्काचे कायदे मात्र दोन. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५० मध्ये संविधान लागू झाले, तेव्हा ही तफावत कायद्यापुरती मिटली. १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि गावची शाळा ‘झेडपीची शाळा’ झाली. मराठवाड्यातील दलितांची शिकलेली पहिली पिढी मुख्यतः अशाच शाळांतून वर येऊन औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयापर्यंत पोहोचली.

या जुन्या भिंतींविषयी हळवे होण्याचे मात्र कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने दगडमातीच्या भिंती किती जीवघेण्या असतात हे दाखवले. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषद शाळेची वर्गखोली कोसळून मुले मृत्युमुखी पडली. धोकादायक खोल्यांचे निर्लेखन झालेच पाहिजे. ज्या भिडेवाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली, तो मोडकळीस आलेला वाडाही डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी उतरविण्यात आला. तेव्हा वास्तू जाईल. तिच्यातून मिळालेला हक्क जाता कामा नये.

खरा प्रश्न जुनी शाळा पडल्यापासून नवी उभी राहीपर्यंतच्या काळाचा आहे. या काळात वर्ग कोठे भरणार? सभामंडपात? कोणाच्या वाड्यात? ‘तात्पुरती सोय’ या दोन शब्दांआड शाळा पुन्हा त्याच जागांत परत जाऊ शकते, जिथून तिला बाहेर काढायला शतक लागले. निधी अडला की तात्पुरते कायमचे होते. बीड जिल्ह्यात तर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गाडी निघते. दलित, भटके, भूमिहीन यांची अनेक मुले आईबापांबरोबर फडावर जातात. शाळेला ठिकाण नसेल, तर मुलाला गावात ठेवण्याचे उरलेसुरले कारणही संपते.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. बारमाही टिकणारी इमारत, दर शिक्षकामागे एक खोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी हे त्याचे निकष आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान हवे. हे स्थान सहीपुरते राहिले, तर नवी शाळाही जुन्या गावाचीच राहील.

म्हणून तलवाडा असो वा दुसरे कोणतेही गाव, निर्लेखनाचा ठराव येईल तेव्हा दलित पालकांनी आणि शिक्षकांनी सभेला हजर राहून तीन गोष्टी लेखी मागाव्यात. मधल्या काळात वर्ग सर्वांना मोकळ्या असलेल्या सार्वजनिक जागेतच भरावेत. नव्या शाळेची जागा वस्तीपासून दूर नेऊ नये. बांधकामाची मुदत आणि खर्च शाळेच्या फळ्यावर लिहिला जावा. धारवाडच्या त्या मुलाने एकट्याने अर्ज केला होता. आज आपण एकटे नाही. अर्ज करण्याचा कंटाळा मात्र आपल्याला परवडणारा नाही.