पिवळ्या पिशवीची गोष्ट

मंडळी, गेल्या वर्षी आमच्या चुलतभावाच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर निघाला. वय वर्षं बारा. पुण्यात केमो सुरू झाली आणि दहाव्या दिवशी हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, पायांवर लाल ठिपके उठले. नारायणगावच्या घरी हे कळलं तशी आज्जी म्हणाली, "ह्या औषधानंच पोरगं सुकवलं. घरी आणा त्याला." तात्यांनाही ते पटलं. गाडी सांगायची तेवढी बाकी होती!

आज्जीचं अर्धं बरोबर होतं. रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट हाडांच्या मगजात तयार होतात. ल्युकेमियात रोगट पेशी तिथली जागा बळकावतात. केमो त्यांना मारते, पण त्यासोबत चांगलं पीकही काही दिवस झोपतं. एरवी दीड ते साडेचार लाख असणाऱ्या प्लेटलेट दहा हजारांखाली गेल्या, की मार न लागताही रक्तस्राव होऊ शकतो.

आमच्या जुन्नर-आंबेगावातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईला गेली. त्यामुळे "टाटाला नेलंय" म्हटलं की गावात पुढचं कुणी विचारत नसे. पण त्या हॉस्पिटलमागची हकीकत मला आत्ता कळली. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 साली ल्युकेमियानेच गेल्या. तेव्हा हा रोग बरा करणारं औषध जगात कुठंच नव्हतं. दोराबजींनी 1932 मध्ये त्यांच्या नावानं ल्युकेमियाच्या संशोधनासाठी ट्रस्ट काढला आणि त्याच वर्षी तेही गेले. परळचं टाटा मेमोरियल 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडलं.

1948 मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिननं काही मुलांचा ल्युकेमिया थोडे महिने का होईना, मागे हटवल्याचं दाखवलं. ते औषध बनवणाऱ्या गटाचे प्रमुख होते आपल्या आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. तरीही मुलं दगावतच होती, आणि पुष्कळदा ती रक्तस्रावानं. पुढे अमेरिकेत एमिल फ्रायराइक यांनी ताज्या प्लेटलेट दिल्या की रक्त थांबतं हे दाखवलं. प्लेटलेटचा आकडा आणि रक्तस्राव यांचं नातं मांडणारा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध 1962 चा. औषधाचे जोरदार डोस पेलता आले ते या आधारामुळेच.

डॉक्टरांनी हेच तात्यांना साध्या भाषेत सांगितलं. घरी नेलं तर रक्त थांबणार नव्हतंच, उलट रोगाला मोकळं रान मिळालं असतं.

अडचण एकच. प्लेटलेट साधारण पाचच दिवस टिकतात, त्याही हलत्या ट्रेवर, खोलीच्या तापमानात. म्हणजे साठा करून ठेवता येत नाही, दर वेळी ताजा माणूस लागतो. त्या रात्री गावातली चार पोरं जीप काढून पुण्याला गेली. तपासणीत दोघं बसले. मशीनवर तास-दीड तास गेला आणि पिवळसर पिशवी पोराला लागली. दुसऱ्या दिवशी हिरड्या थांबल्या.

ट्रीटमेंट अजून चालू आहे. मऊ ब्रश, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिनसारखी गोळी नाही, डोकं फार दुखलं किंवा शौचाला काळं झालं तर तडक हॉस्पिटल, हे सगळं आता आज्जीलाच पाठ आहे!

असो. पुण्या-मुंबईतल्या आपल्या माणसांनी जवळच्या रक्तपेढीत प्लेटलेटसाठी नाव नोंदवून ठेवावं, एवढ्यासाठीच हे लिहिलं.